बिनरक्ताचा शनिवार

“मैडम, मेरे हार पे खून टपक रहा है।”

सदर बाजारातल्या दागिन्यांच्या दुकानाचे सेठजी फोनवर बोलत होते. ते रागावले की आवाज चढवत नसत, उलट उतरवत. तो उतरलेला आवाज ऐकून मी पेन खाली ठेवलं आणि समोर बसलेल्या तिवारी सरांकडे पाहिलं. तिवारी सर आमच्या चॅनलचे मालक. सेठजी आमचे सगळ्यात मोठे स्पॉन्सर.

मी तेव्हा रायपूरच्या एका लोकल केबल चॅनलमध्ये प्रोग्रॅम इनचार्ज होते. केबलवाल्याच्या तारेतून बाहेरची मोठी चॅनल्स घरोघर जायची, त्यातच एक आमचं असायचं. सकाळी भजनं, संध्याकाळी शहराच्या बातम्या, मधल्या वेळात पिक्चर आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा. कधी काय दाखवायचं हे ठरवणं माझं काम. नवीन राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. भोपाळहून आलेल्या अधिकाऱ्यांनी शंकर नगरातले बंगले भाड्याने घेतले होते. आमचं ऑफिसही तिथेच, एका बँकेच्या वरच्या मजल्यावर. राजधानी झाल्यापासून शहरात सगळ्यांनाच मोठं व्हायचं होतं. सेठजींनी दुकान वाढवलं होतं आणि तिवारी सरांनी शनिवारी रात्री नऊचा हॉरर पिक्चर सुरू केला होता.

अडचण ब्रेकची होती. पिक्चर कुठे थांबवून जाहिरात लावायची त्या जागेला आम्ही ब्रेक पॉइंट म्हणतो. तो नेहमी उत्कंठेच्या क्षणी घ्यायचा, म्हणजे माणूस चॅनल बदलत नाही. आता स्वस्तातल्या हॉरर पिक्चरमध्ये उत्कंठेचा क्षण म्हणजे कोणाचा तरी गळा चिरला जाणार. त्या शनिवारी तसंच झालं. गळा चिरला गेला आणि पुढच्याच सेकंदाला नवरीच्या गळ्यातला सेठजींचा हार पडद्यावर आला.

“सेठजी, ब्रेक आगे-पीछे कर देंगे,” मी म्हणाले.

“आगे भी खून है, पीछे भी खून है। शादी का सीज़न है, मैडम। मुझे डर चाहिए, खून नहीं चाहिए।” फोन ठेवला गेला.

डर चाहिए, खून नहीं चाहिए. पुढचे कित्येक महिने मी या एका वाक्यावर काम केलं.

पहिला उपाय सोपा वाटला. घनश्यामला सांगून रक्त कापून टाकलं. घनश्याम आमचा कॅमेरामन आणि एडिटरही तोच. मूळचा धमतरीकडचा, कामात गुंतला की एकदम गप्प होणारा. त्याने कापलं ते नीट कापलं, पण कुऱ्हाड घेतलेला माणूस दारातून आत यायचा आणि लगेच सगळे पांढऱ्या कपड्यांत स्मशानात उभे दिसायचे. मध्ये काय झालं, हे विचारायला लोकांनी फोन केले.

दुसरा उपाय नागपूरच्या वितरकाचा. केबलवर दाखवायचे हक्क असलेल्या पिक्चरच्या डिस्क तो बसने पार्सल करायचा. त्याला मी फोन केला.

“रक्त नसलेलं हॉरर द्या. घर असावं, सावली असावी, माणसाच्या मनातली भीती असावी.”

तो म्हणाला, “मॅडम, रक्तच नाही त मग लोकं काहून पाहतीन?”

तरी त्याने डिस्क पाठवल्या. कव्हरवर सगळीकडे रक्ताळलेला हात होता. कव्हरवरून काही कळत नाही, वितरकाला विचारून तर मुळीच नाही. प्रत्येक पिक्चर बसून पाहण्याला पर्याय नव्हता. ऑफिसात तिवारी सर सारखे हाका मारत, म्हणून मी दुपारी घरी जाऊन पाहू लागले. घर ब्राह्मणपाऱ्यात, पारा म्हणजे इथला मोहल्ला, स्कूटीवर फार लांब नाही.

घरी दुपारी सासूबाई असायच्या. त्यांना मी आई म्हणते. मूळच्या वर्ध्याकडच्या, सासऱ्यांच्या रेल्वेच्या नोकरीमुळे तरुणपणीच रायपूरला आलेल्या. सासरे गार्ड होते. त्यांना जाऊन काही वर्षं झाली होती. आई टीव्हीसमोर बसायच्या, पण हातात काम घेऊनच. उन्हाळा होता, त्यामुळे पुढ्यात चिंचेचा ढीग असायचा आणि त्या चिंचोके काढत पिक्चर पाहायच्या.

दोन-चार पिक्चरनंतर माझ्या लक्षात आलं की मला दुसरं काही तपासायची गरज नाही. रक्त दिसलं की आई “बाप्पा, मी चाय ठेवतो,” म्हणत उठून जायच्या. तो पिक्चर बाद. पिक्चरमध्ये दम नसेल तर त्यांचे हात चालू राहायचे, चिंचोके ताटात पडत राहायचे. तोही बाद. आणि भीती खरी असली की हात थांबायचे. ओठ किंचित उघडे, चिंच बोटांत तशीच. तो पास.

अशा पिक्चरमध्ये काय असतं, हे मला तेव्हाच कळायला लागलं. जिना असतो आणि जिन्यावर कोणी नसतं. एखादी बाई रोज त्याच खिडकीशी उभी राहते आणि एक दिवस ती खिडकी आतून बंद असते. आवाज फार कमी असतो, म्हणून कूलर बंद करून पाहावा लागतो. आम्ही दोघी घामाने भिजून पाहायचो. आई म्हणायच्या, “हे काय काम हाये तुह्यं? पगार देतेत ह्याचा?”

“देतात ना.”

“मंग मलेबी देजा म्हणा.”

शनिवारचा पिक्चर चालू लागला. पत्रं आली नाहीत, पण फोन आले. बायकांचे जास्त. ‘अब हम भी देख लेते हैं,’ असं एकीने सांगितलं. सेठजींनी दुसरा हार जाहिरातीत आणला. तिवारी सरांनी एकदा विचारलं, “मैडम, चुनती कैसे हो?” आणि मी बढाईने आईंची आणि चिंचेची गोष्ट सांगितली.

सर खुर्चीतून पुढे झुकले. “ये तो प्रोमो है।”

प्रोमो म्हणजे कार्यक्रमाची छोटी जाहिरात. पिक्चरच्या आधी आठवडाभर ती दिवसातून अनेकदा दाखवतात. सरांच्या डोक्यात असं होतं की पिक्चर दाखवायचाच नाही. पिक्चर पाहणाऱ्या आजी दाखवायच्या. खाली ओळ, ‘अम्मा डर गईं, और आप?’ शेवटी सेठजींचं नाव.

मी आईंना विचारलं. लपवून काही केलं नाही, हे मी स्वतःला नंतर पुष्कळदा सांगितलं. त्या लाजल्या, मग खूश झाल्या. टीव्हीवर येणार म्हणून त्यांनी मोतिया रंगाची साडी काढली, केस विंचरून घट्ट अंबाडा घातला. घनश्याम कॅमेरा घेऊन आला तेव्हा त्यांनी विचारलं, “मले काय बोलाचं हाये?”

“कुछ नहीं अम्मा, बस पिक्चर देखिए।”

पिक्चर मी निवडला होता. परदेशी, हिंदीत डब केलेला. आमच्या यादीतला सगळ्यात शांत. एका मोठ्या घरात एक बाई नवऱ्याची वाट पाहते. तो कामावरून यायचा आहे. ती जेवण मांडते, दिवा लावते, बसते. पडद्यावर नुसतं दार दिसत राहतं. मग दाराची कडी हळूहळू फिरू लागते. कडी फिरवणारा कोण, ते कधीच दाखवत नाहीत. रक्ताचा एक थेंब नाही.

कूलर बंद, पडदे ओढलेले. कॅमेरा टीव्हीच्या शेजारी, आईंकडे तोंड करून. मी बाजूला, कॅमेऱ्यात येणार नाही अशी बसले. आईंना कॅमेऱ्याचा विसर पडला. कडी फिरायला लागली तेव्हा त्यांचे हात थांबले. पदर खांद्यावरून घसरला, तो त्यांनी सावरला नाही. आणि अगदी हळू, पण स्पष्ट, त्या म्हणाल्या,

“मधू, ये ना रे. लवकर ये.”

माझ्या सासऱ्यांचं नाव मधुकर.

मी त्या घरात लग्न होऊन आले तेव्हापासून आईंच्या तोंडून हे नाव एकदाही ऐकलं नव्हतं. ‘अहो’, ‘हे’, ‘प्रशांतचे बाबा’. रेशनकार्डावर नाव सांगायची वेळ आली तर त्या शेजारणीकडे बघायच्या. मी माझ्या नवऱ्याला प्रशांत म्हणते, अरे-तुरे करते. आमच्या पिढीला यात काही वाटत नाही. पण आई मधू म्हणाल्या होत्या. तू म्हणाल्या होत्या. आणि तो आवाज एखाद्या पोरीचा होता.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टीव्हीकडे पाहत राहिले. त्यांनी पदर सावरला आणि पुन्हा चिंच हातात घेतली. आम्ही दोघींनी काही ऐकलंच नाही, असं ठरून गेलं.

घनश्याम सामान आवरत असताना मी त्याला सांगायला हवं होतं, की ते वाक्य काढ. सांगता आलं नाही. काढ म्हणायचं तर कोणतं वाक्य ते सांगावं लागणार, आणि आई तिथेच बसल्या होत्या. उद्या ऑफिसात सांगू, असं मनाशी म्हटलं. माइक साधा आहे, एवढं हळू बोललेलं येणारही नाही, असंही म्हटलं. दुसऱ्या दिवशी घरचं काम निघालं आणि मी सुट्टी टाकली.

प्रोमो त्याच संध्याकाळी लागला. प्रशांत नुकताच ड्यूटीवरून आला होता. तोही रेल्वेतच. तो जेवत होता, आई वाढत होत्या, टीव्ही चालू होता. पडद्यावर आईंचा चेहरा आला, अगदी जवळून. पदर घसरलेला. मागे कसलंही संगीत नाही. शांततेत एकच वाक्य. “मधू, ये ना रे. लवकर ये.” मग सेठजींची धून वाजली.

आईंच्या हातात भाजीचा चमचा होता. तो तसाच राहिला. प्रशांतने आधी टीव्हीकडे पाहिलं, मग ताटाकडे. आपली आई बाबांना अशी हाक मारायची, हे त्यालाही त्याच क्षणी कळलं. त्याने उठून टीव्ही बंद केला, हात धुतले आणि मला आतल्या खोलीत बोलावून म्हणाला, “तू पाहिलं नव्हतं हे?”

“हा तुकडा नाही पाहिला.”

“ऐकलं होतं?”

मी होकारार्थी मान हलवली. तो एवढंच म्हणाला, “बंद करायला सांग ते.”

सकाळी ऑफिसात मी थेट घनश्यामकडे गेले. तो उलट कौतुकाच्या अपेक्षेने बघत होता. “दीदी, अम्मा का वो वाला बढ़िया आया। डर के मारे बेटी को बुला रही हैं न?” त्याला मराठी येत नव्हती. मधू म्हणजे मुलगी, असं त्याने धरलं होतं. तेवढाच एक आवाज टेपवर होता, म्हणून त्याने तो ठेवला होता. रागवायला कोणीच सापडेना.

तिवारी सरांच्या केबिनमध्ये मात्र कारण सांगावं लागलं.

“सर, वो प्रोमो हटाना है।”

“क्यों? सुबह से फोन आ रहे हैं। लोग पूछ रहे हैं अम्मा कौन हैं।”

“सर, उन्होंने नाम लिया है।”

“किसका?”

“पिताजी का।”

सर हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. “नाम ही तो लिया है, मैडम।”

मी कशी समजावणार? मधू हे नुसतं नाव नाही, तू हा नुसता शब्द नाही, हे हिंदीत सांगता सांगता माझे कान तापले. आईंची जी गोष्ट घरात बोलता येत नव्हती, ती मी काचेच्या केबिनमध्ये उभी राहून खुलासेवार सांगत होते. बाहेरून अकाउंटंट बघत होता. शेवटी सर म्हणाले, “ठीक है, आवाज़ बंद कर दो। चेहरा रहने दो। चेहरा ही तो माल है।”

मला हा मार्ग बरा वाटला. घनश्यामने आवाज काढला, नुसती शांतता ठेवली. दुपारपासून मुका प्रोमो सुरू झाला.

संध्याकाळी घरी गेले तर आई देवघरापाशी बसल्या होत्या. त्यांची भजनाची वेळ होती, गुरुवारी त्या कधी चुकवत नसत.

“आई, भजनाला नाही गेलात?”

“गेलती. परत आली.”

“का?”

त्यांनी निरांजनातली वात सारखी केली. “गेल्या गेल्या एकीनं हाक मारली. मधू, ये ना रे, अशी. साऱ्या हासल्या. मीबी हासली. मंग चप्पल घातली अन् आली.”

“आई, मी आवाज काढायला लावलाय. आता काही ऐकू येत नाही.”

“पाह्यलं मी. ओठ त हालतेत ना.”

आवाज गेल्यामुळे उलट माणूस ओठांकडेच बघत होता. ज्यांनी आदल्या दिवशी ऐकलं होतं, त्यांना आता ते बघून वाचता येत होतं.

प्रोमोच्या शेवटी सेठजींचं नाव होतं, म्हणून त्यांच्या परवानगीशिवाय तो पूर्ण काढायला सर तयार नव्हते. मी सदर बाजारात गेले. दुकानात गर्दी होती, लग्नाच्या खरेदीला आलेली दोन कुटुंबं गादीवर बसली होती. सेठजी म्हणाले, “बोलिए मैडम, सब अपने ही हैं।” मी पुन्हा सगळं सांगितलं, आवाज जमेल तेवढा खाली ठेवून. सेठजींना नीट कळलं नाही. कळलं ते काउंटरवर बसलेल्या त्यांच्या पत्नीला. त्यांनी हातातली बांगडी मखमलीवर ठेवली आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, “हटवा दीजिए। आज ही।”

“पर विज्ञापन तो अच्छा…”

“मैं कह रही हूँ न।”

सेठजींनी फोन उचलला. मी स्कूटी काढून ऑफिसात पोहोचेपर्यंत प्रोमो उतरला होता. घनश्यामने टेप माझ्या हातात दिली. “दीदी, माफ़ करना। मुझे बता देतीं। मेरी दाई भी बाबू का नाम नहीं लेती।” दाई म्हणजे त्याच्या बोलीत आई. मी त्याला सॉरी म्हटलं. चूक त्याची नव्हती आणि माफी तोच मागत होता, हे ऐकवेना.

टेप मी आईंना नेऊन दिली. त्यांनी ती घेतली, उलटून पाहिली आणि विचारलं, “यात हाये का मी?”

“हो. आता दुसरीकडे कुठेच नाही.”

त्यांनी ती साड्यांच्या खाली ठेवली आणि कपाट लावलं. मी तिथेच उभी होते. मला वाटलं, त्या रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“ह्यांची ड्यूटी असे त कडीचा आवाज आला का मले समजे,” त्या म्हणाल्या. “म्हणून तसं निंघून गेलं तोंडातून. आम्ही दोघंच असलो का मी मधूच म्हणो. ते मले नावानं हाक मारत. पण बाहेर कोणाले काय माहीत? सासू होती, दीर होते, कोणाले म्हणून पत्ता नाही लागू देल्ला. साऱ्या जल्मात तेवढंच एक आमच्या दोघाईचं होतं, वैशाली. आता साऱ्याईचं झालं.”

मी माफी मागितली. “तुह्यं काय त्यात,” त्या म्हणाल्या आणि भात टाकायला गेल्या.

माझं काय त्यात, हे मला चांगलं माहीत होतं. मी ते वाक्य ऐकलं होतं. टेपवर असू शकतं, हेही माहीत होतं. फक्त सांगायची लाज वाटली, आणि माझ्या त्या अर्ध्या मिनिटाच्या लाजेपायी आईंना सगळ्या पाऱ्यासमोर मान खाली घालावी लागली.

आई दिवाळीनंतर भजनाला जायला लागल्या. कोणी विषय काढला नाही. शनिवारचे पिक्चर चालत राहिले, पुढे मोठ्या कंपनीने केबल घेतली तेव्हा आमचं चॅनलच बंद झालं. तोवर पिक्चर मी एकटीच ऑफिसात तपासायचे, भीतीने पाय खुर्चीवर घेऊन. आईंना मी पुन्हा बसवलं नाही आणि त्याही आल्या नाहीत. घरी कधी डिस्क लावायची असली तर मी त्या झोपल्या आहेत ना, हे आधी बघायचे.

आता मी दुसऱ्या ठिकाणी असते, हेच काम करते. हाताखालच्या मुलांना दोन गोष्टी सांगते. तयार झालेला तुकडा एकदा आवाज बंद करून पाहायचा आणि एकदा चित्र बंद करून ऐकायचा. आणि ज्याचा चेहरा त्यात आहे, त्याला तो आधी दाखवायचा, मगच लावायचा. यात एक दिवस जातो. आमच्या धंद्यात एक दिवस कोणाकडे नसतो, त्यामुळे मुलं वैतागतात, वरचे साहेबही वैतागतात. मी कारण सांगत नाही. नियम आहे, एवढंच सांगते.